अक्षर तिचे, प्रोजेक्ट त्यांचा

कॉम्प्युटर शिकलेल्या मुलीला एकदा विचारून पाहा, ‘शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस?’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘मी डॉक्युमेंटेशन केलं.’ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या मुलींशी आमच्या गटाचे जे बोलणे होते त्यात हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की आता त्याबद्दल गप्प बसणे शक्य नाही. मुलगी बी.एस्सी. आय.टी.ची असो, कॉम्प्युटर सायन्सची असो नाहीतर इंजिनिअरिंगची, गोष्ट तीच. तिघाचौघांचा ग्रुप, त्यात एक किंवा दोन मुली. प्रोग्रॅम मुलांनी लिहिला. मुलींनी रिपोर्ट टाईप केला, आकृत्या काढल्या, पीपीटी बनवली, काळ्या कव्हरचे ते जाडजूड ‘ब्लॅक बुक’ बाइंडिंगला टाकले, सरांच्या सह्या आणल्या. परीक्षेच्या दिवशी परीक्षकांसाठी पाण्याची बाटली आणि बिस्किटेही बहुधा त्यांनीच आणली.

यावर लगेच म्हटले जाते, ‘मग त्यात काय बिघडले? चौघांचे काम आहे, वाटून घ्यायलाच हवे.’ वाटून घ्यायला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की ही वाटणी करते कोण, कशाच्या आधारावर करते आणि ती दरवर्षी, दर कॉलेजात, दर ग्रुपमध्ये एकसारखीच कशी होते?

‘आपसात ठरवा’

सत्राच्या सुरुवातीला शिक्षक वर्गात सांगतात, ‘ग्रुप पाडा, विषय ठरवा, कामे आपसात वाटून घ्या.’ पुढच्या दहा मिनिटांत मुलींचे वर्षभराचे शिक्षण ठरून जाते. ज्याच्याकडे चांगला लॅपटॉप आहे, ज्याने बाहेर क्लास लावला आहे, जो मोठ्या आवाजात बोलतो, तो आपोआप ग्रुपचा लीडर होतो. ‘मुलींना कोडिंग जमत नाही’ असे तोंडावर कोणी म्हणत नाही. म्हटले असते तर भांडता तरी आले असते. म्हटले जाते ते असे: ‘तुझं इंग्लिश चांगलं आहे ना, रिपोर्ट तू बघ.’ ‘तुझं अक्षर छान आहे.’ ‘तू नीटनेटकी आहेस.’ अशा कौतुकाशी भांडायचे कसे? घरातही असेच सांगितले जाते की तुझ्या हातच्या पोळीला चव आहे, आणि त्या चवीपायी बाई जन्मभर पोळपाटाशी बसते.

उल्हासनगरच्या बायकांना ही वाटणी नवी नाही. इथल्या जीन्सच्या धंद्यात शिवलेल्या पँटींचे गठ्ठे घरोघर जातात आणि बायका दारात बसून नगावर धागे कापतात. धागे कापल्याशिवाय माल बाजारात जात नाही. पण कारखान्याच्या हजेरीपटावर या बायका नसतात आणि ‘जीन्स कोण बनवते?’ या प्रश्नाच्या उत्तरात त्यांचे नाव येत नाही. सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये मुलींना दिलेले काम हे असेच धागा कापण्याचे काम आहे. त्यावाचून प्रोजेक्ट जमा होत नाही, आणि प्रोजेक्ट कोणाचा म्हणून विचारले की बोट त्या मुलाकडे जाते.

या कामाचा आणखी एक भाग तर डोळ्यांना दिसतच नाही. चौघांचा ग्रुप म्हणजे माणसांच्या सहा जोड्या. फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७५ साली लिहून ठेवले की सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढली की एकमेकांशी बोलण्याचे, मेळ घालण्याचे काम त्याहून जास्त वेगाने वाढते. हा मेळ कोण घालते? कोण कुठवर आले ते विचारणे, सरांची वेळ घेणे, दोन मुलांचे भांडण झाले की दोघांना समजावणे, मुदतीच्या आदल्या रात्री प्रत्येकाला फोन करणे, हे सगळे मुलीच करतात. कंपनीत याच कामाला मॅनेजमेंट म्हणतात आणि त्याचा पगार मिळतो. कॉलेजात त्याला ‘ती जरा मागे लागते’ असे म्हणतात.

नियम काय म्हणतो?

कॉलेजवाले सांगतील की विद्यापीठाचे नियमच तसे आहेत. म्हणून आपण नियमच वाचू. मुंबई विद्यापीठाने २०१९ साली इंजिनिअरिंगसाठी जो सुधारित अभ्यासक्रम आणला, त्यात दुसऱ्या वर्षापासून ‘मिनी प्रोजेक्ट’ आहे. ग्रुप तीन किंवा चारजणांचा असावा, त्याहून लहान किंवा मोठा नसावा, असे त्यात लिहिले आहे. दर आठवड्याच्या कामाची नोंद लॉगबुकमध्ये करायची आणि गाईडने ती तपासून शेरा द्यायचा, असेही आहे. सत्रकामाच्या २५ गुणांपैकी १० गुण गाईडने लॉगबुकावरून द्यायचे, १० आढावा समितीने आणि ५ रिपोर्टच्या दर्जासाठी. मूल्यमापनाच्या निकषांमध्ये तर ‘सभासद किंवा लीडर म्हणून व्यक्तीचे योगदान’ हा निकष स्पष्ट शब्दांत दिलेला आहे.

म्हणजे कोणी किती काम केले हे पाहणे गाईडवर सोपवलेले आहे. पण लॉगबुक आहे ग्रुपचे, चौघांत एक. आणि ती एक वही कोण भरते? अर्थात मुलगी. मुलाने या आठवड्यात लॉगिनचे पान केले, दुसऱ्याने डेटाबेस जोडला, हे ती आपल्या सुरेख अक्षरात लिहिते. आपण स्वतः काय केले ते लिहायची वेळ आली की ‘डॉक्युमेंटेशन’ हा एक शब्द. बऱ्याचदा सगळ्या आठवड्यांची वही शेवटच्या दोन दिवसांत बसून भरली जाते, तारखा मागच्या घालून, आणि शेऱ्याच्या जागी एकगठ्ठा सह्या होतात. ज्या वहीने अन्याय उघडा पाडायचा, ती वही अन्याय झालेल्या मुलीकडूनच सारवून घेतली जाते.

परीक्षा संपते, चौघांना सारखेच गुण पडतात आणि सगळे खूश होतात. मुलीही खूश होतात, हे आम्ही मान्य करतो. गुणपत्रिकेवर अन्याय दिसतच नाही. तो दिसतो नंतर, नोकरीच्या मुलाखतीत. समोरचा विचारतो, ‘या प्रोजेक्टमधला तुम्ही लिहिलेला भाग समजावून सांगा.’ मुलगा सांगतो, कारण त्याने वर्षभर चुका करून, त्या दुरुस्त करून हात बसवलेला असतो. मुलगी रिपोर्टमधले परिच्छेद आठवते. कोडिंग हे पोहण्यासारखे आहे. काठावर बसून दुसऱ्याच्या पोहण्याचा वृत्तान्त कितीही सुवाच्य लिहिला तरी पाण्यात पडल्यावर तो उपयोगाला येत नाही.

हे आपल्याकडचेच खूळ आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना रोजनिशी लिहायला लावून कॅरल सेरॉन, सुसान सिल्बी आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या मुलींनीही हेच लिहिले होते की वर्गात आम्ही बरोबरीच्या असतो, टीममध्ये गेलो की ठोकळेबाज, कारकुनी कामे आमच्या वाट्याला येतात. या व्यवसायात आपल्याला जागा नाही असे मुलींना वाटू लागते ते तिथूनच.

वेळ कोणाची, जागा कोणाची?

मुले म्हणतात, ‘आम्ही रात्री दोन वाजेपर्यंत बसून कोड लिहिला, तेव्हा ह्या कुठे होत्या?’ कुठे असणार? घरी होत्या. कॉलेजची लॅब तास संपले की बंद होते. मग ग्रुप जमतो एखाद्या मुलाच्या घरी, रात्री, सगळ्यांची जेवणे झाल्यावर. बदलापूर किंवा वांगणीहून उल्हासनगरला येणारी मुलगी त्या बैठकीला कशी जाणार? कल्याणच्या पुढे गाड्या आधीच कमी, त्यात एक चुकली की घरी फोन, प्रश्न, संशय. पालक सांगतात, ‘प्रोजेक्ट नको पण उशीर नको.’ पुष्कळ घरांत एकच लॅपटॉप असतो आणि तो भावाकडे असतो. फोनवर कोड लिहिता येत नाही, रिपोर्ट मात्र कसाबसा टाईप करता येतो. ‘मुलींनाच कोडिंग नको असते’ म्हणणाऱ्यांनी एवढा हिशोब तरी करावा.

मुलींच्या वेळेवर पहारा बसवण्याला इथे इतिहास आहे. मार्च १९९० मध्ये याच उल्हासनगरात रिंकू पाटील या मुलीला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात जाळून मारण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन लहानग्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीला आले आणि २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी बदलापूर स्थानकात रूळ अडवून धरले. दोन्ही घटनांत मुली रात्रीबेरात्री कुठे भटकत नव्हत्या. एक परीक्षा देत होती, दुसऱ्या दोघी शाळेत होत्या. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर घराघरांतून पहिला उपाय निघतो तो मुलींना लवकर घरी बोलावण्याचा. सातच्या आत घरात! संस्थेची जागा सुरक्षित करण्याची जबाबदारी संस्थेची, आणि दंड मात्र मुलींच्या वेळेला. मग त्याच संस्थेतला शिक्षक म्हणतो, ‘मुली वेळ देत नाहीत.’

शासनाने जुलै २०२४ च्या निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. त्याचे स्वागतच आहे. त्यामुळे ज्यांच्या घरात आजवर कोणी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता अशा मुली या वर्गांत येऊ शकतील. पण फी माफ झाली म्हणून कळफलक हाती येत नाही. मराठी माध्यमातून आलेली, वस्तीत राहणारी, स्वतःचा लॅपटॉप नसलेली मुलगी ‘आपसात ठरवा’ म्हटल्यावर सगळ्यात मागे ढकलली जाते. तिला रिपोर्टही मिळत नाही, कारण इंग्रजी चांगले नाही. ती झेरॉक्स काढून आणते.

काम हलके की काम करणारी हलकी?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिपोर्ट लिहिणे, चाचण्या घेणे, वापरणाऱ्याशी बोलून त्याची गरज समजून घेणे ही कामे क्षुद्र आहेत असे आम्ही म्हणत नाही. ती कसबाची कामे आहेत. कोणते काम थोर आणि कोणते हलके हे कामावरून ठरत नाही, ते कोण करते यावरून ठरते. १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेल्या ‘एनियॅक’ या संगणकाचे प्रोग्रॅमिंग सहा तरुणींनी केले होते. यंत्र बांधणाऱ्या पुरुषांची नावे झाली. या सहाजणींची नावे लोकांपुढे यायला कित्येक दशके जावी लागली. त्या काळी यंत्र बांधणे हे मोठे काम समजले जाई आणि प्रोग्रॅम बसवणे हे कारकुनी. पुढे प्रोग्रॅमिंगला पैसा आणि प्रतिष्ठा आली, तेव्हा ते पुरुषांचे झाले आणि बायकांना त्यात गती नसते असे शास्त्र निघाले.

म्हणूनच मुलींना रिपोर्टमधून उचलून कोडिंगला बसवले की प्रश्न सुटला, असे आम्हांला वाटत नाही. मुलांनाही रिपोर्ट लिहायला बसवले पाहिजे, चाचण्या घ्यायला लावले पाहिजे, चौघांचा मेळ घालायला लावले पाहिजे. घरात मुलीला स्कूटर शिकवली पण मुलाला भाकरी शिकवली नाही तर मुलीचे काम दुप्पट होते, एवढे आपल्याला चळवळीने शिकवले आहे.

काहीजणी म्हणतात, मुलींचे वेगळे ग्रुप करावेत. ज्यांना हवे त्यांनी जरूर करावेत. अशा ग्रुपमध्ये मुली धडाधड कोड लिहितात हे आम्ही पाहिले आहे, आणि ‘नको असते’ या आरोपाला तेवढे उत्तर पुरेसे आहे. पण तो सार्वत्रिक नियम करू नये. उद्या नोकरीत मिश्र टीममध्येच काम करायचे आहे. मुलांना बरोबरीने काम करायला शिकवण्याच्या कष्टातून कॉलेजची सुटका आपण का करावी?

‘आम्ही कुठे कुठे बघणार?’

कॉलेजांचे शेवटचे उत्तर ठरलेले असते: एकेका गाईडकडे इतके ग्रुप, वर तास, पेपर, नॅकची कागदपत्रे, आम्ही कुठे कुठे बघणार? यात तथ्य आहे. तासिका तत्त्वावर, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या शिक्षकांना, ज्यांत पुष्कळ बायका आहेत, आणखी जुंपा असे आम्ही म्हणणार नाही. पदे भरा, हीसुद्धा आमचीच मागणी आहे. परंतु टीम चालवायला शिकवणे हा या विषयाच्या शिक्षणाचाच भाग आहे, फावल्या वेळात करायचा उपकार नव्हे. टीम कशी बनवावी, एकट्या मुलीला मुलांच्या ग्रुपमध्ये का टाकू नये, सभासदांकडून एकमेकांचे मूल्यमापन कसे घ्यावे आणि त्यावरून गुण कसे बदलावेत, हे बार्बरा ओकली, रिचर्ड फेल्डर आणि इतरांनी २००४ सालीच लिहून ठेवले आहे. ज्ञान आहे, इच्छा नाही. आणि इच्छा का नाही? कारण आजच्या व्यवस्थेत कॉलेजचे काम फुकटात होते. मुली न सांगता ग्रुप सांभाळतात, वह्या भरतात, रिपोर्ट वेळेवर आणून देतात.

आमचे बोट कोणा एका कॉलेजकडे नाही. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत येऊन राहिलेल्या निर्वासितांनी या गावात शाळा-कॉलेजे उभी केली; त्यांतले एक, चांदीबाई हिम्मतमल मनसुखानी कॉलेज, एका बाईचे नाव लावते. शिक्षणाची एवढी ओढ ज्या गावाला होती त्या गावाने आपल्या मुलींचे शिक्षण अर्धवट का सोडावे?

आमच्या मागण्या

१. ग्रुप शिक्षकांनी बनवावेत. मुलांच्या ग्रुपमध्ये एकटी मुलगी, तिने स्वतः मागितल्याखेरीज, ठेवू नये.

२. दर तीन-चार आठवड्यांनी कामे बदलावीत. प्रत्येकाने कोड लिहावा, प्रत्येकाने चाचणी घ्यावी, प्रत्येकाने रिपोर्टचा एक भाग लिहावा, प्रत्येकाने काही काळ लीडर व्हावे. लीडर म्हणजे मुलगा, हे बंद व्हावे.

३. ग्रुपचे लॉगबुक असो, पण प्रत्येकाची स्वतःची वहीही असावी आणि ती ज्याची त्याने भरावी. कोणती ओळ कोणी, कधी लिहिली याची नोंद ठेवणारी ‘गिट’सारखी व्यवस्था फुकट मिळते, ती वापरावी. मात्र एका मुलाच्या लॅपटॉपवर चौघांचे काम झाले तर सगळी नोंद त्याच्याच नावावर पडते, म्हणून प्रत्येकाचे खाते वेगळे हवे. मेळ घालण्याच्या कामाची नोंद तिथे होत नाही. ती वहीत व्हावी आणि तिला गुण असावेत.

४. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला एकेकटे बसवून प्रोग्रॅममध्ये एक छोटा बदल समोर करायला सांगावा. यामुळे बाजारातून विकत आणलेले प्रोजेक्टही उघडे पडतील.

५. प्रोजेक्टच्या बैठका दिवसा, कॉलेजात, वेळापत्रकात ठरलेल्या तासांना व्हाव्यात. त्यासाठी लॅब उघडी असावी आणि ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांना तिथले मशीन हक्काने मिळावे.

६. सत्राच्या मध्यावर प्रत्येकाकडून गुप्तपणे विचारून घ्यावे की ग्रुपमध्ये काय चालले आहे. शेवटी विचारून उपयोग नाही. तेव्हा मुलगी म्हणते, ‘जाऊ दे, आता संपलंच.’

७. ग्रुपच्या चॅटवर रात्री-अपरात्री येणारे घाणेरडे विनोद, ‘मदत’ करण्याच्या बदल्यात सलगी, हे छळ आहेत. २०१३ च्या कायद्याप्रमाणे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असली पाहिजे आणि विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तिच्यावर निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी असले पाहिजेत. समितीच्या सभासदांची नावे लॅबच्या दारावर लावा.

मैत्रिणींनो, यातल्या एकाही मागणीला मोठा निधी किंवा नवा कायदा लागत नाही. लागतो तो रेटा. तुमच्या भागात कॉम्प्युटर शिकवणारे कॉलेज असेल तर पुढच्या सत्रात ग्रुप पडण्याआधी तिथल्या महिला विकास कक्षाच्या प्रमुख बाईंना भेटा. सोबत दोनतीन माजी विद्यार्थिनी न्या. प्राचार्यांकडे मागच्या वर्षीची लॉगबुके पाहायला मागा आणि पानोपानी एवढेच बघा: अक्षर कोणाचे आहे आणि ‘कोड’ या शब्दापुढे नाव कोणाचे आहे. जे दिसेल ते लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. तीन गावांची निवेदने एकत्र करून आपण ती विद्यापीठात नेऊ. आणि घरात, शेजारी कोणी मुलगी या वर्षी प्रोजेक्ट करत असेल तर तिला आज सांगा की रिपोर्ट लिहायला हरकत नाही, पण आधी त्याला म्हण, ‘ऊठ, आता मी बसते.’